मोठ्यातून लहान

४ ऑगस्ट, सोमवार

मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत बोलावलं आणि स्वतः उठून खुर्ची पुढे केली. तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय. चार वर्षांत या माणसाने मला कधी ‘बसा’ म्हटलेलं नाही.

चाचणीचा निकाल समोर ठेवला. माझ्या चौथीच्या अडतीस मुलांपैकी गणितात सतरा पास. म्हणे सगळ्यात जास्त मार वजाबाकीत खाल्लाय. मग घसा खाकरून म्हणाले, “बाई, वरच्या कार्यालयातून एक मार्गदर्शक शिक्षिका येतील. दर बुधवारी, आठ आठवडे. तुमच्या मदतीसाठी.”

“आणि मदत होऊनही निकाल असाच लागला तर?”

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. सहामाही परीक्षेत निम्म्याहून कमी मुलं पास झाली, तर चौथी माझ्याकडून काढून घेणार. मला भांडारखोली देणार. खडूंची खोकी आणि फाटके नकाशे मोजत बसायचं. सेवेची तीन वर्षं राहिली आहेत. बावीस वर्षं मी हाच वर्ग शिकवते आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आता स्वतःच्या मुलींना माझ्याकडे आणून सोडतात.

न बोलावता कुणी मदतीला आलं की आधी कपाटाची किल्ली कुठे आहे ते बघावं, असं आमची आई म्हणायची. किल्ली आता पर्समध्ये ठेवली आहे.

शेजारच्या वर्गाची पोरगी, तिसरीची बाई, मला ताई म्हणते. तिला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. “ताई, सांभाळा हं. अशी माणसं आधी गोड बोलतात.” एवढं एकच काय ते आपलं माणूस आहे या शाळेत.

६ ऑगस्ट, बुधवार

आली. सडपातळ, ताठ, डोक्यावर एवढासा अंबाडा. टाचणीच. मी तिला मनातल्या मनात तेच नाव ठेवलं. वय माझ्याहून निदान पंधराने कमी, आणि ही मला शिकवणार!

खुर्ची दिली तर नको म्हणाली. थेट शेवटच्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसली, गुडघे हनुवटीला लागतायत. निळी वही उघडली आणि लिहायला लागली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तर ही लिहिते काय?

पण मीही कच्च्या गुरूची चेली नाही. वर्ग कालच तयार करून ठेवला होता. कुणी तपासायला आलं की आमचा ठरलेला शिरस्ता आहे: प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. मी फक्त उजव्यांना उठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंनी ही युक्ती दिली, आणि आजवर एकाही तपासनिसाच्या लक्षात आलेली नाही. मागच्या वर्षी मी ती शेजारच्या पोरीलाही शिकवली. बिचारीचा पहिलाच तपास होता.

आज अडतीसच्या अडतीस हात वर. मोठ्या झोकात तास झाला. शेवटी टाचणीला विचारलं, “कसं वाटलं?”

“आज फक्त बघते आहे, बाई.”

फक्त बघायला कुणी एवढं लिहितं होय?

१३ ऑगस्ट, बुधवार

आज नवीनच. मी प्रश्न विचारला की ती मनगटावरच्या घड्याळात बघते आणि आकडा लिहिते. प्रत्येक प्रश्नाला. माझा कामचुकारपणा मोजते आहे, दुसरं काय! मी मग असा वेग धरला की विचारता सोय नाही. प्रश्न, उजवा हात, उत्तर, पुढचा प्रश्न. अर्ध्या तासात एकोणतीस प्रश्न उडवले.

तास संपल्यावर तिने अगदी हळू आवाजात विचारलं, “बाई, प्रश्न विचारल्यावर तुम्ही साधारण किती वेळ थांबता?”

“अजिबात थांबत नाही,” मी ठणकावून सांगितलं. “वेळ वाया घालवायची मला सवय नाही.”

तेही लिहून घेतलं. घेऊ दे. चांगलंच आहे ते माझ्यासाठी.

घरी ह्यांना सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “अगं, तिला बस चुकायची भीती असेल.” ह्यांना जगात कुणाचं वाईट दिसतच नाही. म्हणून तर बढती न मिळता निवृत्त झाले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शेजारच्या पोरीने डबा खाताना सांगितलं, टाचणी काल मुख्याध्यापकांच्या खोलीत वीस मिनिटं होती. दार लोटलेलं. “तुमचंच नाव ऐकू आलं, ताई.” मी डबा तसाच मिटला.

पोरगी मात्र फार मायेची. माझ्या वर्गात दुपारी ऊन येतं का, पंख्याचा आवाज अजून होतो का, कपाटाचं कुलूप नीट लागतं का, सगळी चौकशी केली. आजकाल कोण कुणाची एवढी काळजी करतं?

२० ऑगस्ट, बुधवार

आता वह्या मागते! मुलांच्या गणिताच्या वह्या, घरी न्यायला. मी बारा चांगल्या काढून दिल्या, अक्षर मोत्यासारखं, सगळी गणितं बरोबर. तिने चाळल्या आणि म्हणाली, “छान आहेत. पण मला चुकलेल्या हव्या होत्या. जेवढ्या जास्त चुका, तेवढं बरं.”

घ्या! आलं पोटातलं ओठावर. माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा आहे, आणि तोही मीच बांधून द्यायचा. मी म्हटलं, “बाकीच्या मुलांनी घरी नेल्यात.” सव्वीस वह्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या आणि किल्ली पर्समध्ये. तिने कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि “बरं” म्हणाली.

हे ‘बरं’ मला मुळीच आवडलं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

टाचणी पाणी प्यायला बाहेर गेली आणि वही बाकावर तशीच राहिली. मी उघडली. का उघडू नये? वर्ग माझा आहे. आत माझ्या वर्गाचा नकाशा निघाला. एकोणीस बाकं, अडतीस चौकोन. त्यातल्या एकवीस चौकोनांत एक बारीक खूण. तीन बुधवारांच्या तीन तारखा, खुणा त्याच त्याच चौकोनांत. मला समजायला दोन क्षण लागले. डावे हात. बाईने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं! डाव्या हाताची मुलं कोण, कुठे बसतात, सगळं टिपून ठेवलंय.

वही ठेवतेय तोवर ती दारात. वही हलली आहे हे तिने नक्की पाहिलं, आणि म्हणते काय, “चहा घेऊ या का, बाई?”

बोलत नाही, रागवत नाही, मुख्याध्यापकांनाही सांगितलेलं दिसत नाही. म्हणजे सगळं शेवटच्या अहवालासाठी राखून ठेवलंय. घाव घालायचा तो एकदाच. चहा घेतला मी, पण कसा लागला ते सांगता येणार नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

शेजारच्या पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताई, तिने अहवाल द्यायच्या आत तुम्ही तक्रार द्या. पहिला कागद ज्याचा, त्याचं ऐकतात.” मधल्या सुट्टीत बसून दोघींनी लिहिली. शब्द बहुतेक तिचेच, अक्षर माझं. मुलं तिला घाबरतात. वर्गात लुडबूड करते. उशिरा येते.

संध्याकाळी ह्यांना कच्चा खर्डा वाचून दाखवला.

“किती वेळा उशिरा आली?”

“एकदा.”

“किती?”

“चार मिनिटं.”

“चार मिनिटांसाठी दोन पानं?” चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. “आणि मुलं घाबरतात हे खरं आहे?”

मी खर्डा फाडून टाकला. मूळ प्रत गेलीच होती. पोरीची वाट कार्यालयावरूनच जाते, जाता जाता देते म्हणाली होती.

३ सप्टेंबर, बुधवार

आजचा अपमान मी मरेपर्यंत विसरणार नाही.

टाचणीने पंधरा मिनिटं मागितली. नाही कशी म्हणणार? फळ्यावर लिहिलं: बावन्न वजा सत्तावीस. अडतीस हात वर. आणि तिने नेमका डावा हात निवडला. खिडकीजवळची ती चिमणी, जूनपासून जिचा आवाज मी चार वेळा ऐकला असेल नसेल.

चिमणी उभी राहिली. गप्प. टाचणीही गप्प. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा. दहा सेकंदं, पंधरा सेकंदं. माझ्या जिवाची नुसती तगमग. शेवटी न राहवून मी म्हटलं, “अगं, शेजारचा दशक मोड…” तर टाचणीने माझ्याकडे न बघता तळहात वर केला. गप्प बसा! माझ्या वर्गात, माझ्या अडतीस मुलांदेखत!

“पस्तीस,” चिमणी म्हणाली. दोन-चार पोरं हसली.

टाचणीने चूक म्हटलं नाही की बरोबर म्हटलं नाही. “कसं केलंस, सांगशील?”

“एककात सात मोठे, दोन लहान. सातातून दोन गेले, पाच. दशकात पाच मोठे, दोन लहान. पाचातून दोन गेले, तीन.”

“लहान आकडा खाली नव्हता, वर होता. तरी त्यालाच वजा केलंस?”

“हो. मोठ्यातून लहान, वजाबाकी छान.” आणि मग पोरीने माझ्याकडे बघितलं, तोंडभर हसून. “बाईंचा नियम आहे. आम्ही रोज म्हणतो.”

मागून आणखी पंधरा-वीस मुंड्या हलल्या. हो, हो, बाईंचा नियम.

तास संपल्यावर मी टाचणीला तोंडावर सांगितलं, “पोरीला पढवून ठेवलंत तुम्ही. पुढच्या बुधवारी यायची तसदी घेऊ नका.” ती वही पिशवीत घालत होती. म्हणाली, “बाई, त्या एकवीस वह्या एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. मला नका दाखवू हवं तर.”

एकवीस! वह्या घरी आहेत यावर तिने क्षणभरही विश्वास ठेवला नव्हता तर.

६ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस कपाट उघडलं नाही. आज शाळा सुटल्यावर उघडलं. तिला खोटं पाडायचं म्हणूनच.

बासष्ट वजा अडतीस: छत्तीस. एकाहत्तर वजा सेहेचाळीस: पस्तीस. नव्वद वजा सत्तावन्न: सत्तेचाळीस. एका वहीत नाही, एकवीस वह्यांत. तीच उत्तरं, तसाच हिशेब. धांदरटपणा असता तर प्रत्येकाची चूक वेगळी निघाली असती. ही मुलं एकमेकांपासून चार चार बाकं लांब बसतात.

नियम माझाच आहे. खोटं कशाला बोलू? दुसरी-तिसरीतून कच्ची आलेली मुलं गोंधळतात, म्हणून मीच कधीतरी ते यमक जुळवलं आणि रोज सकाळी म्हणून घेऊ लागले. दशक मोडायचा धडा वर्षातून एकदा, एका तासात होतो. नियम मात्र रोज. पोरांनी जे रोज ऐकलं ते धरलं.

आणि प्रत्येक चुकलेल्या गणिताखाली माझं लाल शाईतलं अक्षर: ‘लक्ष दे.’ एकवीस वह्यांत ‘लक्ष दे.’ अहो, लक्षच दिलं होतं त्यांनी!

कपाटात पास झालेल्या पाच वह्याही होत्या. एकीला मोठ्या बहिणीने शिकवलेलं, दोघं शिकवणीला जातात, बाकीच्या दोघांचं ठाऊक नाही. म्हणजे ज्यांनी माझं ऐकलं ते नापास झाले आणि ज्यांनी दुसऱ्या कुणाचं ऐकलं ते पास. बावीस वर्षांत अशा किती वह्यांवर मी ‘लक्ष दे’ लिहिलं असेल? मोजायला बसले आणि रडू आलं. शिपाई खोली झाडायला आला, तर मी खडूची धूळ डोळ्यांत गेली म्हणून सांगितलं.

१० सप्टेंबर, बुधवार

टाचणी आली तर तिला काय म्हणायचं, याची वाटभर उजळणी केली होती. ती आलीच नाही. मी नको म्हटलं म्हणून नाही. मुख्याध्यापक म्हणाले, तक्रारीवरून तिला सगळ्याच शाळांतून थांबवलंय. चौकशी होणार. कंत्राटी नोकरी, बहुधा जाईलच.

शेजारच्या पोरीने मला मिठीच मारली. “सुटलात ताई!”

सुटले कसली. सहामाही परीक्षा चोवीस तारखेला, आणि बांधलेली गाठ मला एकटीला सोडवायची आहे.

तिसऱ्या तासाला वर्गासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “मुलांनो, आपला नियम चुकीचा होता. तो मी शिकवला, म्हणून चूक माझी.” मग पुढच्या बाकावरून एक आवाज आला, “बाईसुद्धा चुकतात?” सगळे हसले, मीही हसले. चिमणी तेवढी हसली नाही. उभी राहून म्हणाली, “म्हणजे मला वजाबाकी येत नव्हती असं नाही ना, बाई?”

“नाही गं,” मी म्हटलं. आणि बावन्न वजा सत्तावीस पुन्हा फळ्यावर लिहिलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

डावा हात बंद केला. येत नसेल तर हात खाली ठेवा म्हटलं. पहिल्या दिवशी सहा हात वर आले. एवढा ओसाड वर्ग मी आयुष्यात पाहिला नव्हता.

प्रश्न विचारून थांबते आता. मनात दहा आकडे मोजते. आमच्या जिभेला थांबायची कधी सवय नाही, चार आकडे झाले की वळवळायला लागते. सातव्या-आठव्याला एखादं पोर तोंड उघडतं. आज काड्यांच्या जुड्या करून दशक मोडायला दिले, तर शेवटच्या बाकावरच्या पोरांनी नव्वदच्या सगळ्या जुड्या सोडवून वर्गभर काड्या केल्या. पण उत्तर तेहेतीस आलं.

तिला घड्याळात काय दिसत होतं ते आता कळतंय. तरी तिने सरळ तोंडाने सांगायचं होतं की! मग हे लिहिलेलं वाचून मीच स्वतःला विचारलं, सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

हे म्हणाले, “तक्रार परत घेऊन ये.”

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी कार्यालयात गेले. साहेबांनी फाईल काढली. म्हणाले, “तुमच्याबद्दल आम्हीच त्यांच्याकडे अहवाल मागितला होता. त्यांनी दिला नाही. म्हणाल्या, मी मुलांच्या चुका बघायला जाते, बाईंच्या नाही.”

म्हणजे पाणी मुरत होतंच. मी जागा चुकले होते.

“तक्रार मागे घ्यायची आहे,” मी म्हटलं.

“नुसती मागे घेता येत नाही. खोटी होती असं लिहून द्यावं लागेल. त्यांची नोकरी राहील, पण मग ठपका तुमच्यावर. निकाल कितीही चांगला लागला तरी चौथी तुमच्याकडे ठेवता येणार नाही. घरी जाऊन विचार करा.”

विचार? मनात आलं, उठावं आणि जावं. कोण विचारणार होतं? टाचणीला दुसरी नोकरी मिळेल, तरुण आहे. मला दुसरी चौथी कुठून मिळणार? साहेबांच्या टेबलावरचं पेन घेतलं, परत ठेवलं, पुन्हा घेतलं. मुलं तिला घाबरतात असं मी लिहिलं होतं. घाबरत होते कोण, ते मला पक्कं ठाऊक होतं.

लिहून दिलं. सही केली. मग विचारलं, “वर्ग केव्हा घेणार?”

“परीक्षेनंतर.”

परीक्षा बुधवारी. मधे रविवार. म्हणजे शिकवायचे चार दिवस आणि आजचे शेवटचे दोन तास. साहेब चहा मागवत होते, मी थांबले नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

निकाल लागला. अडतीसपैकी एकोणतीस पास. चिमणीची वजाबाकी सगळी बरोबर. मुख्याध्यापकांनी हात जोडले आणि त्याच हातांनी बदलीचा कागद दिला. चौथी शेजारच्या पोरीला. तिचा अर्ज कागदाला जोडलेला होता. ‘सध्याच्या शिक्षिका मार्गदर्शन घेण्यास तयार नसल्यामुळे’ वगैरे. तारीख अठ्ठावीस ऑगस्ट. माझी तक्रार आणि तिचा अर्ज एकाच पिशवीतून गेले होते. अख्ख्या जगावर संशय घेतला मी, आणि जिच्यावर घ्यायचा तिला डब्यातला अर्धा घास देत होते. असा संताप आला! पण कुणावर, हे नीट सांगता येत नाही.

वर्ग सोपवायला गेले. तिने किल्ली घेतली आणि हुशार मुलं कोणती ते विचारलं, पुढे बसवायला. मी राहिलेल्या नऊ जणांच्या वह्या पुढे केल्या. कोण कुठे अडतं ते प्रत्येकीत लिहून ठेवलं होतं.

“ती होय? त्यांना मागे बसवते, ताई,” ती हसून म्हणाली. “तपासाला कुणी आलं तरी काळजी नाही. उजवा-डावा आहेच की. तुम्हीच तर शिकवलंत.”

मी वह्या परत घेतल्या. तडक मुख्याध्यापकांकडे गेले आणि सांगितलं, रोज शेवटचा तास ही नऊ मुलं माझ्याकडे पाठवायची. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, “भांडारखोलीत काय चालतं ते बघायला मी कधी येत नाही.”

टाचणीला निरोप धाडला: बुधवारी या, मात्र वही बाहेर ठेवून. तिचा उलट निरोप आला: वही आणणारच. बरं, आण म्हटलं.

मग भांडारखोली उघडली. खडूंची खोकी एका बाजूला लावली, कोपऱ्यातली मोडकी बाकं ओढून काढली. चौदांपैकी पाच धड निघाली. दोघं दोघं बसली की नऊ जणांना पुरतात, आणि एक जागा उरते तिच्यासाठी.